पलंगाखालचा तांदूळ आणि जगबुडी

(पुरवठा विभागात गोदामपाल म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले आमचे सांगलीचे काका या सदरात साठवण, बाजारहाट आणि घरखर्चाच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : काका, नमस्कार. पुण्यात पिंपळे सौदागरला आठव्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. मी एका बँकेत नोकरी करते, मिस्टर आयटीत आहेत. दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. सासूबाईंना मधुमेह, रोज इन्सुलिन लागतं. लॉकडाऊनमध्ये मिस्टरांना जे व्हिडिओ बघायचं वेड लागलं, ते अजून उतरलेलं नाही. कधी युद्ध, कधी हवामान, कधी यंत्रं माणसांवर राज्य करणार म्हणून; कारण दर महिन्याला बदलतं, शेवट मात्र तोच. वीज जाणार, बँका बंद पडणार, शहरातली माणसं एकमेकांच्या जिवावर उठणार. दोन्ही पलंगांच्या पेट्यांत मिळून दीडशे किलो तांदूळ आणि शंभर किलो गहू आहे. बाल्कनीत पाण्याचे वीस लिटरचे वीस कॅन. परवा कुरियरनं एक पोलादी गुलेल आली. ‘स्वीडनमध्ये सरकारच घरोघरी पुस्तिका वाटतं, मग मीच वेडा कसा?’ असं विचारतात. आता भोरच्या पुढे वीस गुंठे शेतजमीन घ्यायची आणि त्यासाठी बावीस लाखांच्या ठेवी मोडायच्या, असं घाटतंय. सासूबाई म्हणतात, कलियुग आहे, व्हायचं ते होणार. मला दोघांचंही पटत नाही. ही तयारी खरंच करण्यासारखी आहे का? तुमचं आयुष्य धान्य सांभाळण्यात गेलं, म्हणून तुम्हाला विचारते.

ता. क. : गव्हात सोंडे झालेत. मिस्टरांनी कुठूनतरी धान्यात ठेवायच्या गोळ्या आणल्यात. डब्यावर ॲल्युमिनियम फॉस्फाईड लिहिलंय. येत्या रविवारी टाकणार आहेत. वर मुलं झोपतात म्हणून विचारते, चालेल ना?

– एक वाचक, पुणे (कृपया नाव छापू नये)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं आणि आधी संपादकांना गाठून तुम्हाला फोन करायला लावला. ताज्या कलमाचं उत्तर अंक छापून येईपर्यंत थांबवण्यासारखी परिस्थिती नव्हती. डबा न उघडता परत गेला असं कळलं, मग लिहायला बसलो.

तरी बाकीच्या वाचकांसाठी सांगतो, कारण या गोळ्या तुमच्याच घरी पोहोचल्यात असं नाही. हवेतली ओल लागली की त्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. आम्ही गोदामात धुरी द्यायचो तेव्हा थप्पीवर जाड आच्छादन टाकायचं, कडेनं वाळू भरलेल्या लांब पिशव्या ठेवून फट बुजवायची, शटर ओढून कुलूप लावायचं, बाहेर धोक्याची पाटी टांगायची आणि कित्येक दिवस त्या बाजूला फिरकायचं नाही. वायू बाहेर आला तर लसणासारखा वास येतो, पण वास येईपर्यंत थांबणाऱ्यांतले काही जण नंतर सांगायला राहत नाहीत. सामान्य गिऱ्हाइकाला या गोळ्या विकायलाच परवानगी नाही. बंद खोलीत, पलंगाच्या पेटीत, वर पोरं झोपलेली! डबा घरात असेल तर उघडू नका, पाण्यात टाकू नका, कचऱ्याच्या बादलीत टाकू नका. जिथून आणला तिथं तसाच परत द्या. आणि कुणी आधीच धान्यात टाकल्या असतील, तर माणसं बाहेर काढा, पोतं हलवत बसू नका, अग्निशमन दलाला बोलवा. कुणाला मळमळ झाली, दम लागला तर सरळ दवाखाना.

गव्हाचं काय करायचं ते सोपं आहे. गच्चीवर पातळ पसरून दोन दिवस कडक ऊन द्या, चाळा, गार होऊ द्या, एरंडेलाचा हात फिरवा आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरा. गरम गहू कोठीत भरला तर आत घाम सुटतो. सरकारी खरेदीत गव्हाला बारा टक्के आणि तांदळाला चौदा टक्के ओलीची मर्यादा असते, ती उगाच घातलेली नाही. पलंगाची पेटी भिंतीला टेकलेली, पावसाळ्यात भिंत ओल धरणार, त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या; सोंड्यांना आणखी काय हवं?

आता मूळ प्रश्न.

जग बुडणार हे मी पोरगा होतो तेव्हापासून ऐकतोय. १९६२च्या फेब्रुवारीत अष्टग्रही आली, मकर राशीत आठ ग्रह जमले म्हणून देशभर यज्ञ झाले. आमच्या जत तालुक्यात तर लोक घराबाहेर झोपले म्हणे. मी लहान होतो, मला फक्त आईनं मांडीवरून उतरू दिलं नाही एवढं आठवतं. १९७९ साली स्कायलॅब ही अमेरिकेची अवकाशातली प्रयोगशाळा डोक्यावर पडणार अशी हाकाटी झाली. काही गावांत लोकांनी कोंबड्या-बकरी कापून खाऊन टाकली, मरायचंच आहे तर पोटभर तरी मरू. स्कायलॅबचे तुकडे पडले ऑस्ट्रेलियात आणि समुद्रात. आता अशा व्हिडिओंचं पेव फुटलंय, एवढाच फरक.

पण तुमच्या यजमानांना मी त्या पंगतीत बसवणार नाही. ग्रह एका राशीत आल्यानं कुणाच्या चुलीचं काही बिघडत नव्हतं. पाणी, वीज, धान्य, पैसा हे सगळं एकाच वेळी बंद पडतं, हे मात्र खरं आहे आणि ते मी पाहिलंय. त्यांची भीती खोटी नाही. त्यांनी केलेली खरेदी चुकीच्या संकटासाठी आहे, असं माझं म्हणणं आहे.

२०१९चा ऑगस्ट घ्या. आमच्या कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फूट. त्या वेळी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. गावभाग, सांगलीवाडी, कोल्हापूर रस्ता, सगळीकडे नावा. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद. कोल्हापुरात पेट्रोल राखून ठेवलं गेलं, एटीएम रिकामी झाली, दुधाचं संकलन थांबलं आणि त्याची झळ पार मुंबईपर्यंत गेली. सगळ्यात मोठी चेष्टा म्हणजे चारी बाजूंना पाणी आणि प्यायला थेंब नाही, कारण पाणी उपसणारे पंपच पाण्याखाली. ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली. त्या आठवड्यापुरती सांगलीतली सभ्यता बुडाली होती असं म्हणायला माझी हरकत नाही. आणि त्याच आठवड्यात तासगावात बाजार भरत होता, लोक भेंडीचा भाव करत होते.

व्हिडिओवाल्यांच्या हे ध्यानात येत नाही. बुडतं ते एका वेळी एक गाव, एक जिल्हा, एक खोरं. शेजारचा तालुका कोरडा असतो आणि मदत तिथूनच येते.

पूर ओसरल्यावर एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या मदतीला मी गणपती पेठेत गेलो होतो. आमच्या सांगलीची ही धान्याची पेठ. दुकानाचं शटर निम्मं वर गेलं आणि आतून जो आंबट भपका आला त्यानं हमाल दोन पावलं मागे सरले. गव्हाची पोती फुगून शिवणीवर उसवली होती. खालच्या थरातल्या पोत्यात हात घातला तर आत गरम. भिजलं धान्य आतल्या आत तापतं, ओल्या कडब्याची गंजी तापते तसं. वरच्या थराला पांढरे कोंब आले होते. हरभऱ्याची डाळ एकजीव होऊन तिचा लगदा झालेला, फावड्यानं कापून काढावी लागली. तो माल गाढवालाही घालता आला नसता. पाणी चढायला लागलं तेव्हा त्या व्यापाऱ्याला माळ्यावर काय न्यायचं एवढंच ठरवायला वेळ मिळाला होता. त्यानं हिशेबाच्या वह्या आणि म्हाताऱ्या वडिलांची औषधं नेली. शहाणा माणूस.

हरिपूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथं हळद ठेवायला जमिनीत खोल पेवं खणलेली असायची. माती अशी की वर्षानुवर्षं हळदीला कीड नाही. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेली हवा जाऊ द्यायची, असे त्यांचे नेम. पिढ्यान् पिढ्या चाललेली ती व्यवस्था, तुमच्या पलंगाच्या पेटीपेक्षा शंभर पट पक्की. २००५च्या पुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं आणि हळद जमिनीतच कुजली. किडीपासून वाचवणारी जागा पुरात पहिली गेली. साठा करताना आपण कुठलं तरी एक संकट गृहीत धरतो. येणारं संकट आपल्याला विचारून येत नाही.

आता दुष्काळाचं बोलतो, कारण तुमच्या यजमानांचा सगळा भर धान्यावर आहे. १९७२ला मी सोळा-सतरा वर्षांचा होतो. जत तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन. एक वर्ष पाऊस गेला असता तर कणगीतल्या ज्वारीवर निभावलं असतं. पण १९७० पासून लागोपाठ पावसानं दगा दिला होता. आमच्या गावात एका बड्या घरी पेवात ज्वारी होती. पहिल्या वर्षी त्यांनी ती खाल्ली, थोडी विकली, भावकीला दिली. दुसऱ्या वर्षी राखण बसवली. तिसऱ्या वर्षी त्यांची मुलं आमच्या शेजारी बसून खडी फोडत होती. साठा कितीही केला तरी दुष्काळ त्याच्यापेक्षा लांब असू शकतो.

आम्हाला जगवलं ते पाझर तलावाच्या कामानं. हातोडीनं पहिल्याच आठवड्यात तळहाताला फोड आले, ते फुटले, मग कातडी जाड झाली. हजेरीपटावर अंगठे, मजुरी हातात पडायला उशीर. कामावर सुकडी मिळायची. अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, रेशनवर मिळे. त्याची भाकरी थापताना कडेला चिरा पडायच्या आणि गिळताना घशाला लागायची. ‘ही जनावरांची वैरण आहे’ म्हणत आम्ही ती खाल्ली. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. आमच्या शिवारात त्या वर्षी कणीस म्हणून दिसलं नाही, तरी आमच्या घरातलं कुणी उपाशी मेलं नाही. कारण जहाज मुंबईला लागलं, तिथून धान्य हललं आणि ते घ्यायला आमच्या मुठीत चार पैसे होते. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. त्याचे जनक वि. स. पागे आमच्या सांगली जिल्ह्यातले, हे मी दर वेळी सांगतो आणि संपादक दर वेळी कापतात. या वेळी राहू द्या.

याच्या उलट १८७६ ते ७८चा दुष्काळ. तेव्हा रेल्वे आली होती, धान्यही देशात होतं. त्या वर्षांतसुद्धा हिंदुस्थानातून गहू विलायतेला जात राहिला. दुष्काळी कामावरच्या माणसाला सर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यानं ठरवलेला दर दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आण्याचा; धान्य म्हणजे अर्धा किलोही नाही. दिवसभर माती उपसून एवढं! इथल्या मजुरांनी त्या दराविरुद्ध कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची खबर गोळा करून सरकारपुढे ठेवली. माणसं लाखांनी मेली. तेव्हा लोकांना वाचवू शकली असती ती पोहोचणारं धान्य, पुरेशी मजुरी आणि वेळेवर ऐकणारं सरकार ही त्रयी. घरात शंभर किलो गहू ठेवायची ऐपत असलेला माणूस तसाही मेला नसता.

आमच्या खात्याचा आद्यपुरुष मी मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांना मानतो. त्यांच्या काळातल्या दुष्काळाची कथा तुम्हाला ठाऊक असेल. बिदरच्या बादशहाची कोठारं त्यांनी भुकेल्यांसाठी उघडली आणि विठोबानं विठू महाराच्या रूपात जाऊन रक्कम भरली. इतिहासकार काय म्हणतात ते म्हणोत. गोदामाच्या किल्ल्या कमरेला असलेला माणूस ती कथा वेगळ्या कानांनी ऐकतो, एवढं खरं. आमच्याकडे मात्र पोत्यामागे घट पाव किलोनं जास्त निघाली तरी खुलासा मागायचे, विठोबा भरायला यायचा नाही.

असो. तुमच्या घराचा हिशेब करू. पाच माणसं, लॉकडाऊनसारखे दिवस, महिन्याला माणशी दहा किलो धान्य धरलं (रेशनवर माणशी पाच किलो मिळतं, तेवढ्यावर आणखी तेवढंच) तर अडीचशे किलो पाच महिने पुरेल. सगळं जग खरोखर मोडलं तर सहाव्या महिन्यात काय? त्याला यजमानांकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. पण त्याच्या फार आधी तुमच्या घरात एक गोष्ट संपते. सासूबाईंचं इन्सुलिन. न उघडलेली बाटली किंवा पेन फ्रीजमध्ये ठेवायचं असतं. वापरात असलेलं बाहेर साधारण चार आठवडे टिकतं, उन्हाळ्यात त्याहून कमी. म्हणजे तुमच्या घरात जगबुडीची मुदत आहे महिना-दीड महिना, पाच महिने नव्हे. यजमानांनी तांदळाच्या चौथ्या पोत्याआधी हे मोजायला हवं होतं. डॉक्टरांना विचारून इन्सुलिन आणि बाकीच्या गोळ्या नेहमी महिनाभर पुढच्या घरात ठेवा, मुदत बघून जुनं आधी वापरा. वीज गेली तर मडक्यात लहान मडकं, मधल्या फटीत ओली वाळू, त्यात औषध पिशवीत बांधून ठेवायचं. मराठवाड्यात फ्रीज नसलेल्या घरांतून हे चालतं. फ्रीजइतकं गार होत नाही, पण खोलीपेक्षा गार राहतं.

पाण्याचे वीस कॅन म्हणजे चारशे किलो वजन, एका बाल्कनीवर, उन्हात. निम्मे आजच उतरवा. पिण्यासाठी माणशी रोज तीन लिटर धरा, पाच माणसांना आठवड्याला एकशेपाच लिटर. सहा कॅन सावलीत ठेवा आणि पंधरा-वीस दिवसांनी ते पाणी झाडांना घालून ताजं भरा. आठव्या मजल्यावरच्या माणसाची खरी अडचण दुसरीच आहे. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की गच्चीवरची टाकी रिकामी, आणि लिफ्ट नाही म्हणून सासूबाई वर अडकलेल्या. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. जुलै २०१२ मध्ये उत्तर आणि पूर्व भारतातली विजेची जाळी कोसळली, साठ कोटी लोकांच्या भागात अंधार झाला. दोन्ही वेळा तासा-दिवसांत वीज परत आली. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर मात्र रायगडातल्या कित्येक गावांनी वीज यायची वाट आठवडेच्या आठवडे पाहिली. तेव्हा यजमानांना माझा निरोप सांगा : सोसायटीच्या पुढच्या सभेला जा. जनरेटरवर पंप आहे का, की फक्त लिफ्ट आणि जिन्यातले दिवे? डिझेल किती तासांचं? एकटे राहणारे म्हातारे किती, कुणाला ऑक्सिजन लागतो, कुणाला डायलिसिस? ही यादी कुणाकडेच नसते. पार्किंगवरून भांडणाऱ्या सभेत हा विषय काढायला पोलादी गुलेलीपेक्षा जास्त धाडस लागतं.

स्वीडनच्या पुस्तिकेबद्दल ते बरोबर बोलतात. २०१८ मध्ये ती घरोघरी गेली, २०२४ मध्ये पुन्हा. पण त्यांनी ती पुरती वाचली आहे का विचारा. सरकार तिथं नागरिकांना निदान आठवडाभर आपलं आपण निभवा असं सांगतं. पाणी, न शिजवता खाता येईल असं अन्न, ऊब, बॅटरीवरचा रेडिओ, थोडी रोख. हेतू असा की धडधाकट माणसं आठवडाभर स्वतःचं बघतील तर मदतीचे हात आधी आजारी, म्हाताऱ्यांकडे वळतील. शेजाऱ्याला गुलेलीनं हुसकावून लावा असं त्यात कुठं नाही.

आणि खरोखरच्या मोठ्या प्रलयाची तयारी जगात चालते, नाही असं नाही. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, बर्फाळ डोंगराच्या पोटात, २००८ पासून जगभरचं बियाणं ठेवलंय. सीरियातल्या युद्धात अलेप्पोजवळच्या संशोधन केंद्राची बियाणं-बँक हातची गेली, तेव्हा २०१५ मध्ये त्यांनी तिथं ठेवलेलं स्वतःचं बियाणं परत मागवलं. ते लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरलं, पीक घेतलं आणि २०१७ मध्ये नव्या बियांचा वाटा पुन्हा नेऊन ठेवला. आपल्याकडे अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचं तेच केलंय, डोंगरबिंगर न पोखरता. बियाणं दरवर्षी पेरलं जातं, बायाबापड्यांत वाटलं जातं, म्हणून जिवंत राहतं. यजमानांना खरंच दूरचं काही करायचं असेल तर अशा कामाला एक पगार द्यावा. बावीस लाखांपेक्षा स्वस्त पडेल.

तुमच्या घरासाठी माझा सल्ला असा. धान्य दीड महिन्याचं ठेवा, म्हणजे सगळं मिळून पंचाहत्तर किलोच्या आत. बाकीचं पुढच्या काही महिन्यांत खाऊन संपवा. कोठीवर भरल्याची तारीख चिकटवा, आधी आलेला माल आधी बाहेर. पीठ साठवू नका, ते खवट होतं. पोहे, चुरमुरे, शेंगदाणे, गूळ, दुधाची पावडर, खजूर असं चूल न पेटवता खाता येणारं आठ दिवसांचं वेगळं ठेवा. पुरात आमच्याकडे घरोघरी तांदूळ होता, पण गॅसची टाकी तरंगत गेलेली. शंभर-दोनशेच्या नोटांत काही हजार घरात. रेशनकार्ड, बँकेची, विम्याची कागदपत्रं एका जलरोधक पिशवीत. साध्या सेलवर चालणारी बॅटरी आणि रेडिओ. बायकांच्या पॅडचा एक गठ्ठा जादा. हे आमच्या मदतीच्या ट्रकमध्ये नेहमी विसरलं जायचं आणि छावणीतल्या बाया संकोचानं मागायच्या नाहीत. दोन नातेवाईक वेगवेगळ्या जिल्ह्यांतले ठरवून ठेवा, जिकडं कोरडं असेल तिकडं निघायचं. एवढं झालं की व्हिडिओ बघा, हरकत नाही.

सासूबाईंनाही सांगा, व्हायचं ते होतं हे कबूल. पण २०१६ मध्ये लातूर तहानेनं व्याकूळ झालं तेव्हा आमच्या मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाण्याची पहिली खेप गेली, ती कलियुगातच गेली.

राहिली जमीन. इथं मी हात जोडून सांगतो, घाई करू नका. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. १९४८च्या कूळकायद्याचं ६३वं कलम आहे. यजमानांच्या किंवा तुमच्या नावावर कुठं सातबारा नसेल, तर बावीस लाख देऊन हातात काय येणार? पुष्कळदा एका मोठ्या गटातला सामाईक हिस्सा गळ्यात मारतात, कुठले वीस गुंठे ते कुणालाच माहीत नसतं. तुकडेबंदी आड येते का, रस्ता आहे का, तेही बघावं लागतं.

समजा, सगळं कायदेशीर जमलं. वीस गुंठ्यांत, चांगल्या वर्षी, भातशेती येणाऱ्या माणसाला सहाएक क्विंटल भात होईल, भरडून तांदूळ चार क्विंटल. तुमची वर्षाची गरज सहा क्विंटलची, आणि तुमच्यापैकी कुणी चिखलणी केलेली नाही. भोरकडे रानडुकरं रात्रीत वाफे उलटे करतात, ते वेगळंच. आणि मार्च २०२० आठवा. पुण्या-मुंबईहून माणसं येऊ लागली तशी कित्येक गावांनी वेशीवर काट्याच्या फांद्या, दगड, बैलगाड्या आडव्या लावल्या. ज्यांचं घर, आईबाप त्या गावात होते त्यांनासुद्धा शाळेत चौदा-चौदा दिवस बसवलं. मग कुंपण घालून वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्याला ऐन संकटात कोण आत घेणार? गावात जायचं असेल तर ज्या गावात तुमचं माणूस आहे तिथं जा, पत्रिकेला, मयताला, जत्रेला जात राहा. तिथल्या घरावर नवे पत्रे घालायला पैसे द्या, विहिरीला पंप बसवून द्या. त्याला बावीस लाख लागत नाहीत.

इसार दिला असेल तर पावती घेऊन या आठवड्यातच जमिनीच्या कामाचा वकील गाठा. दिला नसेल तर महाभूलेखच्या संकेतस्थळावर गट नंबर टाकून सातबारा काढा आणि इतर हक्काच्या रकान्यात काय लिहिलंय ते मला कळवा. पुढच्या अंकाआधी उत्तर देतो.